चांगल्या काळ्या रंगावर सनस्क्रीन, सोलापूरचं ऊन आणि फ्रंट कॅमेरा: माझा रिव्ह्यू

सनस्क्रीनचा कुठलाही रिव्ह्यू असला की मी आधी रिव्ह्यू देणारीचा हात बघते, ट्यूब नंतर. कारण "बिलकुल व्हाइट कास्ट नाही" (म्हणजे लावल्यावर तोंडावर पांढरट थर दिसत नाही) असं छातीठोक सांगणारी मुलगी बहुतेक वेळा माझ्यापेक्षा चार शेड उजळ असते, तिच्या गालावर पांढरं काय कप्पाळ दिसणार. म्हणून माझं आधीच सांगून टाकते, माझा रंग काळा आहे. सावळा, गव्हाळ, निमगोरा हे सगळे लग्नाच्या बायोडेटातले रंग, माझा त्यात बसत नाही आणि आता बसवायचाही नाहीये. आमच्याकडे कॉस्मेटिकच्या दुकानात "सगळ्यात डार्क शेड दाखवा" म्हटल्यावर जी बाटली काउंटरवर येते ती माझ्या मनगटावर लावली तरी वेगळा पट्टा उठून दिसतो, एवढा. तुम्ही उजळ असाल तर खालचं अर्धं तुम्हाला लागू होणार नाही, खुशाल पुढे जा.

काम माझं फिरतीचं, टू-व्हीलरवरून विजापूर रोड, होटगी रोड, कुठे कुठे साइट बघायच्या. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीशीच्या वर आणि डांबरातून वाफा. अंगात सनकोट, तोंडाला डोळे सोडून स्टोल, हातात मोजे, हा आमच्या गावातल्या सगळ्या बायकांचा युनिफॉर्म आहे, आणि खरं सांगायचं तर जाड विणीचा कॉटनचा स्टोल कुठल्याही क्रीमपेक्षा भारी काम करतो. पण साइटवर पोचलं की स्टोल सोडावा लागतो, माणसांशी बोलावं लागतं, उन्हात उभं राहून नकाशे बघावे लागतात. तिथे सनस्क्रीन लागतं.

आता घरचा पहिला प्रश्न. आई म्हणते, "तुला कशाला गं ते? अजून काय काळी पडणारेस?" हीच आई लहानपणी दुपारी अंगणात गेलं की "उन्हात जाऊ नको, काळी पडशील" म्हणून ओरडायची, तेव्हा काळं पडायला जागा होती वाटतं. असो. तर काळ्या त्वचेत मेलॅनिन, म्हणजे त्वचेला रंग देणारं द्रव्य, जास्त असतं आणि त्याचं स्वतःचं संरक्षण असतं हे खरंय, अगदी गडद त्वचेचं नैसर्गिक एसपीएफ (ट्यूबवर असतो तो ऊन अडवण्याचा आकडा) साधारण १३ च्या आसपास धरतात. त्वचेच्या कॅन्सरचा धोकाही आपल्याला गोऱ्या लोकांपेक्षा बराच कमी. पण आपला त्रास वेगळा आहे. आपल्याकडे एक पिंपल येऊन गेला की त्याचा डाग महिनोनमहिने बसतो, आणि वांग. वांग एकदा गालावर आला की ऊन त्याला खतपाणी घालत राहतं. शिवाय नुसतं यूव्ही, म्हणजे उन्हातले न दिसणारे अतिनील किरण नाही, डोळ्यांना दिसतो तो साधा प्रकाशसुद्धा, त्यातला निळा-जांभळा भाग, गडद त्वचेवर डाग गडद करतो, गोऱ्यांवर तो परिणाम फारसा दिसत नाही. हे माझ्या स्किनच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की चला, ही गोष्ट आपल्यासाठी पण आहे. (मोबाइलच्या उजेडाने काळं पडतं म्हणून "ब्लू लाइट प्रोटेक्शन" विकतात त्याला भुलू नका, उन्हापुढे मोबाइलचा उजेड म्हणजे काहीच नाही.)

आकड्यांचं पटकन सांगते. यूव्ही किरणांचे दोन प्रकार, यूव्हीबी आणि यूव्हीए. एसपीएफ हा यूव्हीबीचा आकडा, ३० म्हणजे साधारण ९७ टक्के अडतं, ५० म्हणजे ९८. त्यामुळे १०० लिहिलंय म्हणून दुप्पट पैसे घालू नका. ट्यूबवर पीए लिहून पुढे प्लस असतात ते यूव्हीएचे, ही जपानची पद्धत, चार प्लस सगळ्यात वरचे. डागांसाठी यूव्हीए महत्त्वाचं, आणि ते खिडकीच्या काचेतूनही येतं, म्हणजे ऑफिसात खिडकीशी बसणाऱ्यांनीही गाफील राहू नये.

पण या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट आहे किती लावायचं ती. लॅबमध्ये एसपीएफ मोजतात तेव्हा दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम लावून मोजतात. म्हणजे चेहरा आणि मानेला मिळून दोन बोटांवर लांब रेघा निघतील एवढं. आपण सगळ्याजणी काय करतो, वाटाण्याएवढं घेतो आणि त्यात चेहरा, मान, उरलं तर हात. मग ट्यूबवरचे ५० ट्यूबवरच राहतात. आणि डार्क स्किनवाल्या तर अजून कमी लावतात, कारण जास्त लावलं की तोंड राखाडी पडतं. म्हणून माझी टेस्ट एकच, दोन बोटं भरून लावा, पंधरा मिनिटं थांबा, बाहेर सावलीत उभं राहून फ्रंट कॅमेऱ्याने फोटो काढा. थेंबभर हाताच्या पाठीवर लावून दुकानदार "बघा ताई, जिरलं" म्हणतो ती टेस्ट नाही. थेंबभर तर चुनासुद्धा जिरेल.

आता ट्यूबा. जिथे वाईट लिहिलंय तिथे कंपनीची नावं घेत नाहीये, कारण प्रॉब्लेम त्या कंपनीचा कमी आणि प्रकाराचा जास्त आहे, एक कंपनी सोडून दुसरीची त्याच प्रकारची घेतली तरी तेच होणार.

पहिला प्रकार मिनरल. झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड, आणि बाकी काही नाही. माझी स्किन लाल होते म्हणून डॉक्टरांनी हेच लिहून दिलं होतं. त्रास काही झाला नाही, आग नाही, डोळे चुरचुरले नाहीत, त्या बाबतीत शंभर टक्के मार्क. पण रंग! दोन बोटं लावली की चेहरा पांढरा पण नाही, राखाडी, त्यावर जांभळट झाक. भुवयांच्या केसात पांढरे कण अडकतात, केस जिथून सुरू होतात तिथे एक कडा उठते, कानाच्या पाळीमागे पुसायचं राहतं ते वेगळंच. साइटवर पोचून स्टोल सोडला तर काळ्या स्टोलच्या आतल्या बाजूला माझ्या नाकाचा आणि गालाचा पांढरा छाप. आमचे ठेकेदारकाका म्हणाले, "मॅडम, येता येता गिरणीत दळण टाकून आलात काय?" वाईट हेतूने नव्हते म्हणाले, पण त्या दिवशी दिवसभर मी रुमालाने तोंड पुसत होते आणि पुसलं की सनस्क्रीन गेलं, मग लावलंच कशाला.

असं का होतं तर झिंक आणि टायटॅनियम ही मुळात पांढरी भुकटी, भिंतीच्या पांढऱ्या रंगात टायटॅनियमच असतं. कण बारीक केले की पांढरेपणा कमी होतो पण आपल्या रंगावर पूर्ण जात नाही. लहान मुलांना, खूप सेन्सिटिव्ह स्किनला हा प्रकार चांगला आहे, मी वाईट म्हणत नाहीये. माझ्या तोंडावर मात्र रोज दोन बोटं लावणं होत नाही, आणि जे दोन बोटं लावता येत नाही ते माझ्यासाठी एसपीएफ ५० नाहीच.

दुसरा, तो सिलिकॉनचा ट्रान्सपरंट जेल. ट्यूबमधूनच बिनरंगी येतो, लावल्यावर स्किन मखमली लागते, रंग अजिबात बदलत नाही. दुकानात लावून बघितला आणि तिथेच प्रेमात पडले. सोलापुरात मात्र वेगळी कथा. आधी मॉइश्चरायझर लावलं असेल आणि वरून स्टोल घासला तर बारीक बारीक गोळे निघतात, हनुवटीवर आणि नाकाच्या बाजूला जास्त. एसीत बसणारीला छान, स्टोल बांधणारीला नाही. थंडीत, हुरड्याला वगैरे जायचं असेल तेव्हा मी अजून हाच लावते, कारण तेव्हा स्टोल नसतो आणि फोटो खूप निघतात.

तिसऱ्या प्रकाराबद्दल मला जरा रागाने लिहायचंय. "टोन-अप", "इन्स्टंट ब्राइट", "ग्लो" असं लिहिलेली सनस्क्रीनं. यात पांढरं मुद्दाम घातलेलं असतं, कधी गुलाबी किंवा जांभळी झाक देऊन. म्हणजे जो दोष म्हणून आपण रडतोय तोच इथे फीचर म्हणून विकतात. जाहिरातीतली बाई लावते आणि तिचा चेहरा उजळतो, मी लावते आणि माझ्या मानेला प्रश्न पडतो की वरचा चेहरा कोणाचा. १९७५ मध्ये फेअर अँड लव्हली आलं, २०२० मध्ये त्याच्या नावातलं फेअर जाऊन ग्लो आलं, तेव्हापासून सगळ्या दुकानात ग्लोच ग्लो. पूर्वी निदान स्पष्ट सांगायचे की गोरं करतो. ट्यूबवर "ब्राइट" दिसलं की मी सरळ परत ठेवते, आत काय आहे वाचायच्या भानगडीत पडत नाही.

मग टिंटेड, म्हणजे त्वचेसारखा रंग घातलेलं सनस्क्रीन. याबद्दल मी सगळ्यात साशंक होते आणि डागांसाठी सगळ्यात चांगलं हेच निघालं. यात आयर्न ऑक्साइड असतं, लाल, पिवळं, काळं, तेच जे फाउंडेशनला रंग देतं, आणि वर सांगितलेला तो दिसणारा प्रकाश अडवायचं काम हे करतं, बिनरंगी सनस्क्रीनला ते जमत नाही. वांग असणाऱ्यांना डॉक्टर टिंटेड सांगतात ते यासाठी. गालावरचा माझा जुना पट्टा पूर्ण गेला असं म्हणणार नाही, पण उन्हाळ्यात दरवर्षी जो गडद व्हायचा तो यंदा झाला नाही. अर्थात सोबत डॉक्टरांची रात्रीची क्रीम पण चालू आहे, सगळं श्रेय सनस्क्रीनला देऊ नका.

गोची आहे शेडची. "युनिव्हर्सल टिंट", म्हणजे सगळ्यांना चालणारा रंग, असं लिहितात, आणि त्या "सगळ्यांत" मी नसते. एका युनिव्हर्सलने मी भगवी दिसले, दुसऱ्याने मातकट. मग तीन शेडवाली मिळाली, त्यातली सगळ्यात गडद माझ्यापेक्षा थोडी उजळ आहे, पण जिरल्यावर फरक कळत नाही. कॉलरला लागते मात्र. पांढरा कुर्ता घालायचा दिवस असेल तर टिंटेड मानेवर लावू नका, तिथे बिनरंगी लावा. आणि हो, सात रस्त्याजवळच्या ज्या मेडिकलमधून मी घेते त्या दादांनी टेस्टर जबड्यावर लावून बाहेर फुटपाथवर जाऊन बघू दिलं, ट्यूबलाइटखाली नाही. "ताई, निवांत बघा, उन्हात बघा, मग घ्या" म्हणाले. त्या दुकानाला माझे पाचपैकी पाच.

आणि पाचवी, भाचीने पुण्याहून आणलेली कोरियन, ब्यूटी ऑफ जोसनची रिलीफ सन, ती तांदळाची. हिचं नाव घेते कारण चांगलंच लिहायचंय. एसपीएफ ५० प्लस, पीए चार प्लस, पातळ क्रीम, वास जवळजवळ नाही, यातली फिल्टर्स, म्हणजे ऊन अडवणारे घटक, झिंकची नाहीत त्यामुळे भुकटीचा प्रश्नच नाही. दोन बोटं भरून लावली, लगेच थोडी ओली चमक येते, पंधरा मिनिटांत बसते आणि चेहरा माझाच. भाची आरशात बघून म्हणाली, "मावशी, तू काहीच लावलं नाहीस असं वाटतंय," आणि मला नेमकं हेच पाहिजे होतं. ५० मिली येते. दोन बोटांच्या हिशेबाने, दिवसातून एकदा लावली तरी महिनाभरात ट्यूब संपणार हे धरूनच घ्या, कुठलीही ५० मिलीची ट्यूब तीन महिने पुरत असेल तर तुम्ही कमी लावताय. मी ही फिरतीच्या दिवशी चेहऱ्याला वापरते आणि हातांना, मानेला साधी भारतीय बिनमिनरल, जी मोठ्या पॅकमध्ये येते.

अमेरिकेत काळ्या बायकांसाठी ब्लॅक गर्ल सनस्क्रीन म्हणून ब्रँडच आहे, शॉन्टे लंडी नावाच्या काळ्या बाईनेच तो २०१६ मध्ये काढला, कारण तिलाही हाच राखाडी वैताग. आपल्याकडे निम्मा देश या रंगाचा आणि तरी पॅकवर मॉडेल दुधासारखी, याला काय म्हणायचं.

आता सेल्फीचं, कारण या सगळ्याची सुरुवात तिथूनच झाली. सनस्क्रीनने राखाडी झालेय हे आरशात एवढं कळत नाही, बाथरूमच्या पिवळ्या बल्बखाली सगळंच बरं दिसतं. फोटोत कळतं. त्यातून फ्लॅश असेल तर विचारू नका. फ्लॅश लेन्सच्या शेजारूनच येतो, चेहऱ्यावरच्या झिंक-टायटॅनियमवर आपटून सरळ परत लेन्समध्ये. मावसबहिणीच्या लग्नात रात्रीच्या वरातीचे फोटो काढले, गळा काळा, हात काळे आणि मधे एक पांढरा चेहरा. त्या फोटोत नथ पण हरवलीय. तेव्हापासून लग्नाच्या संध्याकाळी मिनरल बंद. सूर्य मावळल्यावर सनस्क्रीनच कशाला, मेकअपवालीने बेसमध्ये एसपीएफवाली क्रीम काढली की तिला आधीच थांबवायचं.

दुसरं म्हणजे फोनचा ब्यूटी मोड. कितीतरी फोनमध्ये तो आल्यापासून चालूच असतो, सेटिंगमध्ये जाऊन शून्य करावा लागतो. तो डाग पुसतो ते ठीक, पण सोबत गुपचूप दोन शेड उजळ करतो. म्हणजे तुम्ही सनस्क्रीन तपासताय आणि फोन तुम्हाला वरून पावडर थापतोय, मग काय कळणार. आधी तो बंद करा मग ट्यूबला नावं ठेवा.

तिसरं, पांढऱ्या भिंतीपुढे उभ्या राहू नका. भिंत फार उजळ म्हणून कॅमेरा सगळं खाली खेचतो आणि आपलं तोंड काळोखात जातं, मग आपण स्क्रीनवर बोट दाबून उजेड वाढवतो, मग तोंड फिकं पडतं. मागे हिरवं झाड, विटांची भिंत, रंगीत पडदा काहीही घ्या. खिडकीकडे पाठ करून नाही, खिडकीच्या बाजूला एक गाल करून बसा. सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर आमच्या गॅलरीत जो तिरपा उजेड येतो त्यात गालाच्या हाडावर एक चमक उठते, काळ्या स्किनवर ती जेवढी सुंदर दिसते तेवढी कशावरच नाही, हे मला चाळिशीत कळलं. म्हणून फोटोच्या दिवशी मॅट सनस्क्रीन लावू नये असं माझं मत. मॅटने ती चमक जाते आणि चेहरा सपाट पडतो. लोक तेलकट दिसेल म्हणून घाबरतात, नाक आणि कपाळ टिपकागदाने टिपा, गाल सोडा.

शाळेतल्या ग्रुप फोटोत माझे फक्त डोळे आणि दात दिसतात, त्यावरून घरात अजून चेष्टा चालते. तर पूर्वी फिल्मच्या काळात लॅबमध्ये रंग जुळवायला एका गोऱ्या बाईचा फोटो असलेलं कार्ड वापरायचे, कोडॅकचं, शर्ली कार्ड म्हणायचे त्याला. ती बाई नीट दिसली की मशीन नीट. काळ्या लोकांनी तक्रारी केल्या त्याने नाही, चॉकलेटवाल्यांना आणि लाकडी फर्निचरवाल्यांना आपला माल फोटोत नीट दिसेना तेव्हा कंपनीने गडद रंगांकडे लक्ष दिलं म्हणतात. हे वाचून हसू का रडू कळेना. गूगलने २०२१ मध्ये पिक्सेल सिक्सला रियल टोन म्हणून गडद त्वचेसाठी कॅमेरा सुधारला, बाकीच्यांचंही हळूहळू चाललंय. माझा फोन साधाच आहे, पण उजेड नीट घेतला की तोही माझा रंग बरोबर पकडतो.

परवा कंबर तलावावर सकाळी चालायला गेले तेव्हा काढलेला फोटो डीपीला ठेवलाय. ब्यूटी मोड शून्य, तोंडाला ती तांदळाची सनस्क्रीन, कपाळावर घाम, डाव्या गालावर वांगाचा पट्टा आहे तसा. जाऊबाईंचा लगेच मेसेज, "अगं जरा फिल्टर लावायचा ना, छान दिसला असता." मी म्हटलं, वहिनी, एवढी महागाची सनस्क्रीन लावलीय ती दिसू नये म्हणूनच. त्यांना कळलं नाही, पण संध्याकाळी फोन करून ट्यूबचं नाव विचारलं.

तर थोडक्यात खरेदी अशी: रोजच्या फिरतीला बिनमिनरल पातळ क्रीम, वांग असेल तर टिंटेड पण शेड फुटपाथवर जाऊन तपासून, थंडीला आणि फोटोला सिलिकॉन जेल, मिनरल फक्त स्किन बिघडली असेल तेव्हा किंवा पोरांना. दर दोन-तीन तासांनी परत लावायला सांगतात, ते फिरतीवर मला दुपारच्या जेवणाआधी एकदाच जमतं, आधी ओल्या रुमालाने घाम टिपून मग. घामावर थापलं तर सगळं भुवईतून डोळ्यात उतरतं आणि मग साइटवर रडत उभं राहायचं.

अजून एक शोध चालू आहे. टिंटेडमध्ये माझ्या रंगाची, म्हणजे त्या तिसऱ्या शेडच्याही खालची, आणि स्टोलला न लागणारी कुणाला सोलापूर, लातूर, नांदेडकडे दुकानात हातात धरून बघायला मिळाली असेल तर दुकानाचं नाव सांगा. ऑनलाइन शेड मागवायची हिंमत नाही, तिथल्या चौकोनातला रंग आणि ट्यूबमधला रंग यांची अजून ओळख झालेली नाही.